लिहिणारा राहू द्या, छापणाऱ्याला धरा

नागपुरातून बोलतोय. इअरफोन लावून ऐकत असाल तर उत्तम, आणि बसमध्ये आवाज ऐकू येत नाही म्हणून हे वाचत असाल तरी हरकत नाही. आजचा विषय सेन्सॉरशिप. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल पेन घेतलेला अधिकारी, पत्रकाराला बेड्या, वर्तमानपत्रात कोरी सोडलेली जागा. ही चित्रं खोटी नाहीत. पण आज ज्या प्रकाराबद्दल बोलायचंय, त्यात बेड्या दिसत नाहीत आणि पेनही दिसत नाही. त्यात फक्त एक पाटी दिसते.

ती पाटी तुम्ही पाहिली असेल. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ उघडावा आणि त्याच्या जागी लिहिलेलं असावं की सरकारच्या आदेशामुळे हा मजकूर या देशात उपलब्ध नाही. संपलं. कोणत्या अधिकाऱ्याचा आदेश? व्हिडिओतलं कोणतं वाक्य खुपलं? दाद कुठे मागायची? यातलं काहीच त्या पाटीवर नसतं.

एकट्या २०२५ सालातली तीन उदाहरणं घ्या. फेब्रुवारीत तमिळमधल्या विकटन या जुन्या प्रकाशन संस्थेची वेबसाइट एका व्यंगचित्रावरून बंद झाली. पंतप्रधान साखळदंडात बसलेत, असं ते चित्र. मार्चमध्ये मद्रास हायकोर्टाने वेबसाइट सुरू करायला सांगितली, पण ते चित्र तूर्त काढून ठेवा या अटीवर. एप्रिलच्या अखेरीस लखनौचं ४पीएम न्यूज हे चॅनल बंद झालं. संपादक सुप्रीम कोर्टात गेले, मग बंदी उठली. मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष सुरू असताना, द वायर ही न्यूज वेबसाइट काही काळ उघडेनाशी झाली.

तिन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. आदेश लिहिणाऱ्याच्या दारात गेला नाही. तो गेला मधल्या माणसाकडे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे, नाहीतर यूट्यूबकडे. लिहिणाऱ्याला कळलं ते नंतर.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की ही युक्ती नवी नाही. ती जवळपास दीडशे वर्षं जुनी आहे, आणि तिचा एक धडा आपल्या नागपुरातही गिरवला गेलाय.

छापखाना नावाची दुखरी नस

१८७८ साल. व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी एक कायदा आणला, व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट. नीट ऐका, देशी भाषांतल्या. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. बंगालमधली अमृत बझार पत्रिका त्यातून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजीत निघायला लागली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. त्या कायद्यात धरलं होतं कोणाला? मुद्रकाला आणि प्रकाशकाला. मॅजिस्ट्रेट त्याच्याकडून बंधपत्र लिहून घेऊ शकत होता. सरकारला न आवडणारं काही छापलं तर अनामत जप्त, पुन्हा छापलं तर यंत्रच जप्त. आणि कोर्टात अपील नाही. हे टाळायचं असेल तर एक सोय ठेवली होती, छापण्याआधी प्रूफं सरकारला दाखवा.

आता विचार करा, संपादकाला सोडून मुद्रकाच्या मागे का लागायचं?

कारण संपादक हट्टी असतो. तुरुंगात गेला तर मोठा होतो. टिळकांचंच बघा ना. २४ जून १९०८ ला अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. सरकारला वाटलं माणूस संपला, झालं उलटंच. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी संप केला आणि मंडालेहून परतलेले टिळक आधीपेक्षा मोठे होते. छापखान्याच्या मालकाचं तसं नसतं. त्याचं यंत्र कर्जावर घेतलेलं. जागेचं भाडं आहे, खिळे जुळवणारी माणसं आहेत, लग्नपत्रिकांची ऑर्डर आहे. त्याला हुतात्मा व्हायचं नाहीये. त्याला महिनाअखेर पगार द्यायचाय. तो घाबरला की संपादक आपोआप गप्प होतो, आणि सरकारने कोणाला गप्प केलं असं दिसतही नाही.

टिळकांच्या अटकेच्या काहीच दिवस आधी, जून १९०८ मध्ये, सरकारने आणखी एक कायदा केला होता. चिथावणी देणारा मजकूर छापला तर मॅजिस्ट्रेट थेट छापखाना जप्त करू शकेल, असा. आणि १९१० च्या प्रेस ॲक्टने हे सगळं पक्कं केलं. ५०० रुपयांपासून ५,००० रुपयांपर्यंत अनामत. ती जप्त झाली की पुन्हा सुरू करायला याहून मोठी अनामत, १०,००० पर्यंत. त्या काळातले दहा हजार म्हणजे छोट्या छापखान्याला कुलूपच. बातमीवर बंदी नाही बरं का. तुम्ही काहीही छापा. फक्त आधी पैसे ठेवा.

नागपूर, १९०८

आता आपल्या गावाकडे येऊ.

१९०७ साली नागपुरातून हिंदी केसरी नावाचं साप्ताहिक सुरू झालं. टिळकांच्या केसरीतले विचार हिंदी वाचकांपर्यंत न्यायचे, हा हेतू. ते चालवणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं असे. त्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय भोपाळमध्ये आहे. त्याच काळात नागपुरात देशसेवक हे मराठी पत्र गाजत होतं, अच्युत बळवंत कोल्हटकर त्याचे संपादक. हेच कोल्हटकर पुढे मुंबईत संदेश काढून मराठी पत्रकारितेला चटकदार भाषा देणारे.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये सप्र्यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. कलम १२४-अ, टिळकांना लावलं तेच. कोल्हटकरांवरही कारवाई झाली. टिळकांना नुकतीच सहा वर्षं झाली होती, त्यामुळे पुढे काय होणार याचा अंदाज सगळ्यांना होता. घरच्यांचा आग्रह सुरू झाला, की माफी लिहून द्या आणि सुटा. काही महिन्यांनी सप्र्यांनी माफीनाम्यावर सही केली. ते सुटले.

आपल्याकडे अशा माणसाला पटकन भित्रा म्हणून मोकळं होतात. मला तसं म्हणावंसं वाटत नाही. त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा कोर्टाने दिली असती त्याहून कमी नव्हती. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले, रायपूरला जवळजवळ विरक्तासारखे राहिले. तिथे त्यांनी रामदासांचा दासबोध हिंदीत आणला, आणि पुढे टिळकांचं गीतारहस्यही. ज्या माणसाच्या विचारांचा प्रसार केला म्हणून आत गेले, त्याच माणसाचा सगळ्यात मोठा ग्रंथ त्यांनी हिंदी वाचकांच्या हातात दिला. पण हिंदी केसरी? तो गेला तो गेलाच.

सरकारला काय हवं होतं हे यातून कळतं. त्याला सप्रे तुरुंगात नको होते. त्याला एक सही हवी होती.

आता आजच्या फोनमध्ये या. 'मी जे बोललो त्याबद्दल हात जोडून माफी मागतो' असे व्हिडिओ तुम्ही किती पाहिलेत? महिन्याला एखादा तरी दिसतोच. पोस्ट काढली, माफी मागितली, विषय संपला असं आपण समजतो. पण मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलीचं काय झालं? तिने एक पोस्ट रिशेअर केली. धमक्या आल्यावर काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी अटक झाली, कॉलेजनेही काढून टाकलं, आणि परीक्षा तोंडावर. मुंबई हायकोर्टाने सरकारला खडे बोल सुनावले, तिला सोडायला लावलं, कॉलेजच्या आदेशालाही स्थगिती दिली. म्हणजे माफीनाम्याची किंमत आता इतकी घसरलीय की तो देऊनही सुटका होत नाही.

स्वतःचा छापखाना का हवा असतो

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर चित्र अर्धवट राहील. गळा दाबणारं नेहमी सरकारच असतं असं नाही.

३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूकनायक सुरू केलं. त्याची जाहिरात केसरीला दिली होती. फुकट छापा असं म्हटलं नव्हतं, पैसे देऊन छापा म्हटलं होतं. केसरीने नाकारली. म्हणजे ज्या पत्राने सरकारच्या दडपशाहीशी झुंज दिली, त्याच पत्राच्या पानावर अस्पृश्य समाजाच्या पत्राला पैसे देऊनही चार ओळींची जागा नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला हव्यात.

बाबासाहेबांनी यातून काय केलं? मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, आणि १९५६ मध्ये, म्हणजे आपल्या दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेच्या वर्षी, प्रबुद्ध भारत. एक बंद पडलं की दुसरं. आणि मुंबईत स्वतःचा छापखाना उभा केला, भारत भूषण प्रिंटिंग प्रेस. विचार कितीही धारदार असो, यंत्र दुसऱ्याचं असेल तर शेवटचा शब्द यंत्राच्या मालकाचा, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

आज स्वतःला स्वतंत्र मीडिया म्हणवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा. तुमचा छापखाना कोणाचा आहे? अहो, तुमचं चॅनल तुमचं नाहीये. ते कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या जागेत भाड्याने आहे. भाडंही तुम्ही देत नाही, जाहिरातदार देतो. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या छोट्या दैनिकाचा खरा छापखाना म्हणजे सरकारी जाहिरात. ती थांबवायला कोणताही कायदा लागत नाही. नुसती यादी बदलली की पुरतं.

वीज तोडली आणि कोर्टाने जोडली

२५ जून १९७५ ची रात्र. आणीबाणी जाहीर होत होती, आणि दिल्लीत जिथे मोठ्या वर्तमानपत्रांची कार्यालयं आहेत त्या बहादूरशहा जफर मार्गावरची वीज गेली. संपादकाला उचलण्याआधी यंत्राची वीज तोडली. म्हणजे पुन्हा तोच छापखाना.

महाराष्ट्रात साने गुरुजींनी सुरू केलेल्या साधना साप्ताहिकाला त्या काळात सरकारशी कोर्टात लढावं लागलं. मिनू मसानींच्या फ्रीडम फर्स्ट या इंग्रजी मासिकाचा काही मजकूर सेन्सॉरने अडवला. मसानी मुंबई हायकोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, जिंकले. न्यायमूर्ती मादन आणि न्यायमूर्ती कानिया यांचा तो निकाल. सोप्या मराठीत सांगायचं तर कोर्टाचं म्हणणं असं होतं की सेन्सॉरचं काम कायद्यात लिहिलंय तेवढंच. सरकारवर टीका केली म्हणून मजकूर कापायचा अधिकार त्याला नाही.

आणि नागपूर? आणीबाणीत विनाचौकशी आत टाकलेल्या लोकांना कोर्टात दाद मागता येते, असं देशातल्या ज्या हायकोर्टांनी म्हटलं त्यांत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ होतं. सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९७६ मध्ये हे सगळे निकाल फिरवले, चार विरुद्ध एक. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानेच कबूल केलं की १९७६ चा आपला तो निकाल चुकीचा होता. एक्केचाळीस वर्षं लागली. सिव्हिल लाइन्सच्या त्या इमारतीसमोरून जाताना हे आठवायला हरकत नाही.

आता छापखाना खिशात आहे

फोन आला आणि वाटलं, चला, आता मधला माणूस गेला. प्रत्येकाच्या खिशात छापखाना! पण मधला माणूस कुठेही गेला नव्हता. तो उलट फार मोठा झाला.

कायद्यात त्याला इंटरमीडिअरी म्हणतात. आयटी कायद्याचं कलम ७९ सांगतं की लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी प्लॅटफॉर्म जबाबदार नाही. पत्रात शिवी असली म्हणून आपण पोस्टमनला धरत नाही, तसंच. पण कोर्टाने किंवा सरकारने रीतसर सांगूनही मजकूर काढला नाही, तर हे संरक्षण जाऊ शकतं. आता कंपनीच्या वकिलाच्या खुर्चीत बसून बघा. एका बाजूला चंद्रपूरच्या कोण्या पोराचा खाणीवरचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला कोट्यवधी रुपयांचा धंदा. तो काय ठरवेल? लग्नपत्रिका छापणारा १९१० चा मालक जे ठरवायचा तेच.

याआधी थेट बोलणाऱ्याला धरायचं कलम ६६-अ होतं. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, असं एका मुलीने फेसबुकवर विचारलं. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक. देशभर गदारोळ झाला, आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ६६-अ रद्दच केलं. बघा, थेट बोलणाऱ्याला धरलं की आवाज होतो, लोक चिडतात, कोर्टही बोलतं. म्हणून मधला माणूस सोयीचा.

पुढे २०२१ चे आयटी नियम आले. डिजिटल बातम्यांना सरकारने ठरवलेल्या आचारसंहितेत बांधणाऱ्या त्यातल्या तरतुदींना द लीफलेट ही वेबसाइट आणि आपले निखिल वागळे यांनी आव्हान दिलं. १४ ऑगस्ट २०२१ ला मुंबई हायकोर्टाने त्यांना स्थगिती दिली. मग एप्रिल २०२३ मध्ये नवा बदल आला. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे, हे केंद्र सरकारचाच एक फॅक्ट चेक विभाग ठरवणार. आणि त्याने शिक्का मारला की प्लॅटफॉर्मला संरक्षण गमावण्याची भीती.

म्हणजे खेळाडूही मीच, पंचही मीच, आणि स्कोअरबोर्डची वायरही माझ्याच हातात.

कॉमेडियन कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर कोर्टात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं. न्यायमूर्ती गौतम पटेल म्हणाले, नियम घटनाबाह्य आहे. न्यायमूर्ती नीला गोखले यांना वाटलं की नियमाचा रोख जाणूनबुजून पसरवलेल्या खोट्या माहितीवर आहे, टीकेवर किंवा विनोदावर नाही, म्हणून तो टिकू शकतो. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेलं. हे नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेले, आता सुप्रीम कोर्टात आहेत. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी पटेलांच्या बाजूने मत दिलं आणि तो नियम गेला. खोटं, दिशाभूल करणारं, हे शब्द इतके ढगळ आहेत की त्यात काहीही बसेल. सरकारनेच स्वतःच्या बाबतीत निवाडा करणं बरोबर नाही. जी गोष्ट छापील पेपरात चालते ती फोनवर का चालू नये? आणि या सगळ्याच्या भीतीने मधला माणूस आधीच कात्री चालवेल. हा सगळा त्या निकालांचा गाभा आहे.

संपलं का मग? नाही. केंद्रीय गृहखात्याचं सहयोग नावाचं एक पोर्टल आहे. त्यावरून सरकारी यंत्रणा प्लॅटफॉर्मला थेट मजकूर काढायला सांगू शकतात. एक्सने त्याला कर्नाटक हायकोर्टात आव्हान दिलं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं. इथे फरक समजून घ्या. आयटी कायद्याच्याच ६९-अ या कलमात निदान एक समिती आहे, कारणं लेखी नोंदवावी लागतात, मजकूर टाकणाऱ्याचा पत्ता लागला तर त्याला नोटीस द्यायची तरतूद आहे. अर्थात ते कामकाज गोपनीय ठेवण्याचाही नियम आहे, म्हणूनच पाटीवर कारण नसतं. पण ७९ च्या वाटेने गेलं की ती समिती आणि ती नोटीस, दोन्ही टळतात.

पण खोटं पसरतंच ना?

आता कोणी म्हणेल, भाऊ, नागपुरात राहून हे बोलतोस? १७ मार्च २०२५ विसरलास काय?

नाही विसरलो. औरंगजेबाच्या कबरीवरून महालात आंदोलन झालं, प्रतिकात्मक कबर जाळली, आणि जाळलेल्या कापडावर पवित्र मजकूर होता अशी बातमी फोनाफोनी पसरली. तसं काही नव्हतं, असं सरकारने सांगितलं. संध्याकाळी महाल, हंसापुरी भागात दगडफेक आणि जाळपोळ. गाड्या जळल्या, पोलीस जखमी झाले, पुढे एका माणसाचा जीव गेला. कित्येक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी. तेव्हा अफवेने माणसं मरतात, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

म्हणून मी असं म्हणतच नाही की काहीही काढू नका. दंगल भडकवणारा व्हिडिओ रात्री दहा वाजता काढायलाच हवा. माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. कारण लेखी द्या. टाकणाऱ्याला कळवा, तातडीची वेळ असेल तर नंतर कळवा, पण कळवा. आणि निवाडा अशा कोणाकडे द्या ज्याच्यावर त्या मजकुरात टीका केलेली नाही. दंगलीची अफवा आणि पंतप्रधानांचं व्यंगचित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच बटण लावलं की बटणवाला आधी कुठली दाबेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणखी एक. अफवा कुठे जोरात पसरते? जिथे भरवशाची बातमी वेळेवर पोचत नाही तिथे. गावातलं एक नेटकं, विश्वासाचं चॅनल बंद केलं तर त्याची जागा रिकामी राहत नाही. ती व्हॉट्सॲप ग्रुप घेतो.

मंच मोडला

मार्च २०२५ मध्येच मुंबईत काय झालं बघा. कामराच्या एका कार्यक्रमात एकनाथ शिंदे यांच्यावर टीका होती. २३ मार्चच्या रात्री शिवसैनिक खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत घुसले आणि तोडफोड केली. हॅबिटॅट म्हणजे नुसती जागा, जिथे शंभर कलाकार येऊन जातात. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं तिथलं बांधकाम पाडायला आली. कामरा तेव्हा मुंबईत नव्हताच. स्टुडिओने आपण बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे जागा देणारा प्रत्येक मालक आधी काय विचारेल? स्क्रिप्टमध्ये कोणाचं नाव आहे?

आणि काही वेळा मधला माणूस शोधायची तसदीही कोणी घेत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं. कोकणातल्या रिफायनरीबद्दल ते सातत्याने लिहीत होते, आणि ज्याच्याबद्दलची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच माणसावर खुनाचा आरोप आहे. महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात २०१७ साली मंजूर झालेला स्वतंत्र कायदा आहे. कायदा आहे आणि वारिशे नाहीत. तालुक्याच्या पत्रकाराकडे ना मोठी कंपनी, ना वकील, ना दिल्लीतून ट्वीट करणारे मित्र.

आपण काय करायचं

तुम्ही चॅनल, पॉडकास्ट, इन्स्टा पेज चालवत असाल तर. प्रत्येक व्हिडिओची, प्रत्येक मजकुराची प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. फक्त एका ॲपवर जगू नका. छोटी का होईना, स्वतःची वेबसाइट आणि ऐकणाऱ्यांच्या ईमेलची यादी करा. चॅनल गेलं तरी माणसं हातात राहतात. ज्या कागदावर बातमी उभी आहे तो कागद, सातबारा असो की टेंडर, जपून ठेवा. मजकूर काढला तर प्लॅटफॉर्मला लेखी विचारा, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कलमाखाली. उत्तर नाही आलं तरी तुम्ही विचारल्याची नोंद कोर्टात कामी येते. आणि चूक झालीच तर तिची दुरुस्ती त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्या अक्षरात करा. दुरुस्ती आणि माफीनामा यात फरक आहे. दुरुस्ती सत्यापुढे नमते, माफीनामा दंडुक्यापुढे.

तुम्ही नुसते ऐकणारे असाल तर तुमचं काम याहून मोठं आहे. महिन्याला शंभर रुपये एखाद्या स्थानिक पत्रकाराला द्या. तुमच्या शंभराने त्याचा छापखाना सरकारी जाहिरातीतून थोडा सुटतो. तुम्हाला न आवडणाऱ्याचं चॅनल बंद झालं तरी विचारा, का बंद केलं? कारण नियम आपल्या नावाने होत नाहीत, सगळ्यांच्या नावाने होतात. १२४-अ इंग्रजांनी आणलं आणि ते गेल्यावरही पंचाहत्तर वर्षं आपल्या सरकारांनी, सगळ्या रंगांच्या, ते जपून वापरलं.

आणि शेवटचं, फॉरवर्ड करण्याआधी एकदा थांबा. १७ मार्चच्या संध्याकाळी जितक्या अंगठ्यांनी थांबायला हवं होतं तितके थांबले नाहीत. लोकांनी स्वतःला आवरलं नाही की आवरायला बाहेरचा येतो, आणि एकदा आला की तो फक्त अफवा आवरून परत जात नाही.

हिंदी केसरीचा वाचक नागपुरात होता, जबलपूरला होता, रायपूरला होता. संपादक आत गेल्यावर त्या वाचकाने पत्र चालू ठेवायला काय केलं असतं, याची त्याच्याकडे साधनं फार नव्हती. आपल्याकडे आहेत.

भेटू पुढच्या भागात. हा भाग आवडला तर मित्राला पाठवा, पटला नाही तर खाली भांडा. दोन्ही चालेल. काळजी घ्या, मंडळी.